शेअर घेण्याआधी कंपनी किती वाचायची?

(तरुणांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या वेळी पैशांच्या नियोजनावर बोललो, तेव्हा शेवटी एका मुलाने विचारले होते, "सर, कंपनीचा अभ्यास करा असे सगळेच सांगतात. पण किती करायचा? एक तास की एक महिना?" वेळ संपली होती, म्हणून मी "पुरेसा करा" असे काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन सुटलो. घरी जाताना माझे मलाच ते उत्तर आवडले नाही. आज त्याच प्रश्नावर बोलतो.

सुरुवात एप्रिल २०२१ पासून करू. कोरोनाची दुसरी लाट होती. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी आपण कुठे कुठे फोन लावले, ते तुम्हाला आठवत असेल. त्याच दिवसांत मुंबईच्या शेअर बाजारात 'बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स' नावाच्या कंपनीचा शेअर रोज चढत होता. मार्चअखेर दहा हजार रुपयांच्या आसपास असलेला भाव तीन-चार आठवड्यांत दुपटीच्या वर गेला. लोकांचे गणित सरळ होते. देशात ऑक्सिजन मिळत नाही, कंपनीच्या नावात ऑक्सिजन आहे, घ्या.

त्या कंपनीने वायू बनवण्याचा धंदा ऑगस्ट २०१९ मध्येच बंद केला होता. नंतर रिझर्व्ह बँकेकडे बिगरबँक वित्तसंस्था म्हणून तिची नोंद झाली होती. कंपनीने यातले काही लपवले नव्हते. नावातच 'इन्व्हेस्टमेंट्स' होते. तिच्या कागदांची पहिली दोन पाने वाचली असती, तरी कळले असते. घेणाऱ्यांनी नावाचा अर्धा भाग वाचला आणि उरलेला सोडून दिला. यात आपल्यासाठी आणखी एक टोचणारी गोष्ट आहे. व्याज टाळायचे म्हणून बँकेची मुदत ठेव न करणाऱ्या एखाद्याने 'हा तर वायूचा धंदा, यात काय वाईट' असे म्हणून तो शेअर घेतला असेल, तर त्याने न कळत एका वित्तसंस्थेत पैसे घातले.

हसू नका. मी याहून वाईट केले आहे.

मी चोवीस वर्षांचा होतो. एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहायचो. तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एका कंपनीचे नाव कानात सांगितले. "वर्षात तिप्पट." माझ्याकडे साठ हजार होते, आणि त्यातले निम्मे अम्मीचे होते, बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले. त्याच महिन्यात मी जुनी मोटारसायकल घेतली होती, बावीस हजारांची. त्या गाडीसाठी मी तीन रविवार फिरलो. ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला, चेसिस नंबर कागदाशी ताडला, सायलेन्सरच्या धुराचा रंग पाहिला, मालकाच्या शेजाऱ्याला हळूच विचारले की गाडी कधी आपटली होती का. साठ हजारांच्या शेअरसाठी मी काय केले? चहा संपेपर्यंत विचार केला.

दीड वर्षाने त्या शेअरची खरेदी-विक्रीच थांबवली गेली. माझ्या डीमॅट खात्यात तो आजही दिसतो, पण विकता येत नाही. अम्मीने आयुष्यात एकदाच त्याबद्दल विचारले. मी विषय बदलला, आणि तिने पुन्हा कधी काढला नाही.

म्हणून "किती" या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर असे आहे. नाही म्हणण्याचे कारण सापडेल इतका शोध आधी घ्यायचा. घेण्याची कारणे तुम्हाला शोधावी लागत नाहीत, ती चालत येतात. यूट्यूबवाला देतो, टेलिग्रामचा ग्रुप देतो, कंपनीच्या चकचकीत अहवालातला अध्यक्षांचा फोटो देतो. नाकारण्याची कारणे मात्र कोणी घरपोच आणून देत नाही. पहिला एक तास फक्त त्यांच्यासाठी ठेवा. दहा कंपन्या हाती घेतल्या, तर सात-आठ या पहिल्या तासातच गळाव्यात. गळत नसतील, तर तुमची चाळणी मोठ्या भोकांची आहे.

हा तास कुठे घालवायचा? शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला आपले कागद बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. तिमाही निकाल, वार्षिक अहवाल, कोणाकडे किती शेअर आहेत त्याचा तक्ता, सगळे तिथे फुकट आहे. चाळीस हजारांचा कोर्स विकणारा माणूस जे कागद 'आपल्या खास पद्धतीने' दाखवतो, ते हेच.

वार्षिक अहवाल तीनशे पानांचा असतो, तो पाहून घाबरू नका. तो मागून पुढे वाचायचा. अध्यक्षांचे भाषण सर्वांत शेवटी, वेळ उरला तर. आधी लेखापरीक्षकाचा, म्हणजे ऑडिटरचा अहवाल. त्यात एक गंमत आहे. आपल्याकडे 'क्वालिफाइड' म्हणजे शिकलेला, लायक. मुलगा क्वालिफाइड आहे म्हटले की मुलीचे वडील खूश. ऑडिटरच्या भाषेत 'क्वालिफाइड' अभिप्राय म्हणजे उलटे: हिशेब एकंदरीत ठीक दिसतात, पण अमुक एका बाबीवर मी सही करायला तयार नाही. हा शब्द दिसला की थांबायचे. ऑडिटर मुदत संपण्याआधीच राजीनामा देऊन गेला असेल, तर त्याहून जास्त थांबायचे. कारण म्हणून 'वैयक्तिक अडचणी' लिहिले असेल, तर मी पुढे वाचतच नाही. एखाद्या चांगल्या कंपनीवर यात अन्याय होत असेल. होऊ दे, बाजारात हजारो कंपन्या आहेत.

मग रोख प्रवाहाचे पत्रक, ज्याला कॅशफ्लो म्हणतात. हे मी कॉमर्स शिकताना पाठ केले होते, पण समजले मामूच्या दुकानात. मिरजेत माझ्या मामूचे हार्डवेअरचे दुकान होते. वर्षअखेरीला मी वही लिहून दिली आणि म्हणालो, "मामू, यंदा दीड लाख नफा." मामूने गल्ला उघडून दाखवला. आत साडेतीनशे रुपये. "नफा कुठाय? सारा ठेकेदारांच्या खिशात हाय." माल विकला होता, बिले फाडली होती, वहीत नफाही दिसत होता, पैसे आले नव्हते. दोन ठेकेदारांचे तर कधी आलेच नाहीत.

मोठ्या कंपनीचेही हेच. मागच्या पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज करा. शेजारी त्याच पाच वर्षांत मूळ धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेल्या रोकडीची बेरीज मांडा. नफा पाचशे कोटी आणि रोकड साडेचारशे असेल, तर ठीक. नफा पाचशे आणि रोकड ऐंशी असेल, तर उरलेले कुठे गेले हा प्रश्न विचारायचा. गिऱ्हाईक पैसे देत नसेल, माल गोदामात साचत असेल, किंवा ती विक्री मुळात झालीच नसेल. एखाद्या वर्षी फरक पडतो, वाढत्या धंद्यात जास्त पडतो, हे मान्य. पाच वर्षे सलग पडत असेल, तर मामूचा गल्ला आठवा. बँका आणि वित्तसंस्थांना ही कसोटी लागू पडत नाही, त्यांचा धंदाच पैशाचा असतो. पण इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण तिकडे जाणार नाहीत.

आता माणसांकडे येऊ. कंपनी चालवणारे मूळ मालक, ज्यांना प्रवर्तक किंवा प्रमोटर म्हणतात, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलायचे आहे. त्यासाठी एक अलीकडचे प्रकरण घेतो, ज्याचा धागा आपल्या चाकणपर्यंत येतो.

जेनसोल इंजिनिअरिंग नावाची कंपनी. सौरऊर्जेची कामे आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या, म्हणजे ज्या दोन गोष्टींना भविष्य आहे असे सगळेच म्हणतात. १५ एप्रिल २०२५ रोजी सेबीने तिच्याबाबत अंतरिम आदेश काढला. त्यात म्हटले आहे की ६,४०० विद्युत गाड्या घेण्यासाठी कंपनीने सरकारी वित्तसंस्थांकडून कर्ज घेतले, प्रत्यक्षात ४,७०४ गाड्याच घेतल्या, आणि बरीच रक्कम फिरवून प्रवर्तकांशी संबंधित ठिकाणी वळवली. गुरुग्राममधल्या एका आलिशान इमारतीतल्या फ्लॅटचाही त्यात उल्लेख आहे. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले होते की तिच्या नव्या विद्युत गाडीसाठी ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. सेबीने कागद मागवले, तेव्हा निघाले ते नऊ संस्थांशी केलेले इच्छेचे करार. त्यात ना किंमत, ना गाड्या कधी द्यायच्या त्याची तारीख.

आणि चाकण? एनएसईचा अधिकारी ९ एप्रिलला कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात गेला. तिथे दोन-तीन मजूर होते, उत्पादन चालू नव्हते. त्याने विजेची बिले मागितली. मागच्या बारा महिन्यांतले महावितरणचे सर्वांत मोठे बिल होते सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचे. तुमच्यातले काही जण एमआयडीसीत काम करतात. साध्या पावडर कोटिंगच्या शेडचे बिल किती येते, ते तुम्ही मला सांगा. गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचे बिल एवढेच?

तुम्ही म्हणाल, सर, आम्ही काय प्रत्येक कारखान्यात जाऊन मीटर बघायचे? नाही. पण घरबसल्या दिसणाऱ्या दोन गोष्टीही होत्या. पहिली, प्रवर्तकांचा हिस्सा. पाच वर्षांत तो सुमारे ७० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांच्या आसपास आला होता, आणि उरलेल्यातलाही मोठा भाग कर्जासाठी तारण ठेवलेला होता. दुसरी, त्याच काळात सामान्य भागधारकांची संख्या १५५ वरून जवळपास १ लाख १० हजारांवर गेली होती. हे आकडे गुप्त नव्हते. कंपन्यांना शेअरहोल्डिंगचा तक्ता नियमाने जाहीर करावा लागतो. घरचा माणूस दुकानातून आपला वाटा काढून घेतोय आणि बाहेरचे रांग लावून आत शिरतायत, एवढे त्या तक्त्यावरून समजत होते. जून २०२४ मध्ये हजार रुपयांच्या वर असलेला भाव सेबीचा आदेश आला तोवर दीडशेच्या खाली होता.

प्रवर्तकाने हिस्सा कमी केला म्हणजे तो लबाड, असे नाही. मुलीच्या लग्नालाही माणूस शेअर विकतो, नवा कारखाना काढायलाही विकतो. पण प्रश्न विचारायचा, उत्तर कागदात शोधायचे, आणि नाही मिळाले तर पुढे जायचे. स्थळ बघायला जातो तेव्हा आपण काय करतो? मुलाच्या मामाला विचारतो का? तो चांगलेच सांगणार. आपण कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारतो, घरमालकाला विचारतो. कंपनीचा किराणावाला म्हणजे तिला माल पुरवणारा, तिचा डीलर, तिच्याकडून नोकरी सोडून गेलेला माणूस. पैसे वेळेवर देते का? परत आलेला माल नीट घेते का? तुमच्या गावात, तुमच्या नात्यात असा माणूस निघतो. मात्र एक सावध राहा. तुम्ही स्वतः नोंदणीकृत कंपनीत कामाला असाल आणि आतली, जाहीर न झालेली बातमी तुम्हाला कळली असेल, तर तिच्यावर शेअर घेणे-विकणे गुन्हा आहे. दुसऱ्याला सांगणेही.

आता तो प्रश्न, जो तुम्ही मनात धरून बसला आहात. हलाल आहे का?

मी आलिम नाही, फतवा देणे माझे काम नाही. मी हिशेबाचा माणूस आहे, म्हणून हिशेबाच्या बाजूने बोलतो. ॲपवर एखाद्या कंपनीपुढे हिरवी खूण दिसते, ती येते कुठून ते माहीत असावे. आधी धंदा पाहतात: दारू, जुगार, व्याजाचा धंदा वगैरे वगळतात. मग आकडे. बहरीनच्या आयोफी या संस्थेच्या मानकानुसार कंपनीचे व्याजी कर्ज तिच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत हवे, व्याजी ठेवी ३० टक्क्यांच्या आत, आणि नापसंत मार्गाचे उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत, तेही हिशेब करून दान करून टाकायचे. काही निर्देशांक बाजारमूल्याऐवजी कंपनीच्या एकूण मालमत्तेशी तुलना करतात. म्हणून एकच कंपनी एका यादीत बसते, दुसऱ्या यादीत बसत नाही. कोणाचे मानायचे ते तुमच्या विश्वासातल्या आलिमला विचारा. थोडेही व्याजी कर्ज चालत नाही असे मानणारेही आहेत, तेही ऐकून घ्या.

मला दाखवायचे आहे ते वेगळेच. समजा कंपनीवर ३०० कोटींचे कर्ज आहे आणि बाजारमूल्य १,५०० कोटी. प्रमाण २० टक्के, हिरवी खूण. बाजार पडला, मूल्य ७५० कोटी झाले. कर्ज तेवढेच, प्रमाण ४० टक्के, खूण गेली. उलटही होते. भाव फुगला की कर्जबाजारी कंपनीसुद्धा एक रुपया न फेडता चाळणीतून खाली उतरते. म्हणजे ती खूण पाहण्याआधी कर्ज स्वतः पाहायला हवे: वाढतेय की घटतेय, आणि कमाईतून फिटेल एवढे आहे का.

आणि दुसरे, जे मला जास्त महत्त्वाचे वाटते. ही चाळणी कंपनीने दिलेल्या आकड्यांवर चालते. आकडेच खोटे असतील, तर चाळणी काय करणार? हैदराबादच्या सत्यमची गोष्ट तुमच्या जन्माच्या आसपासची आहे. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी, रामलिंग राजूंनी, पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली ५,००० कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नाही. कंपनी सॉफ्टवेअरची होती, धंद्यात काही आक्षेपार्ह नाही, कर्जही नगण्य. धंदा आणि कर्ज या दोन कसोट्या तिने सहज पार केल्या असत्या. चाळणी धंदा कसला ते सांगते. मालकाच्या नियतीबद्दल ती काही बोलत नाही.

'हलाल' हा शब्द ऐकला की आपण चौकशी कमी करतो, ही आपली जुनी दुखरी जागा आहे. बंगळुरूच्या आयएमएमध्ये हजारो कुटुंबांनी दागिने विकून, गल्फची कमाई आणून पैसे ठेवले. त्यांना ठेवीदार नव्हे, भागीदार म्हटले जायचे आणि महिन्याला नफ्याचा वाटा मिळायचा. जून २००९ नव्हे, फार जुने नाही, जून २०१९ मध्ये संस्थापक दुबईला निघून गेला, पुढच्या महिन्यात परतल्यावर दिल्लीत त्याला अटक झाली. तो शेअर नव्हता, हे खरे. पण जे प्रश्न कोणी विचारले नाहीत, ते हेच होते: नफा कोणत्या धंद्यातून येतो? तो धंदा मंदीतही दर महिन्याला तेवढाच कसा देतो? हिशेब तपासतो कोण? ज्यांनी विचारले, त्यांच्या ईमानवर शंका घेतली गेली. माझे म्हणणे उलट आहे. अम्मीचे पैसे माझ्याकडे अमानत होते, आणि अमानतीची चौकशी न करणे हाच माझा गुन्हा होता.

सत्यमकडे परत येतो, कारण तिथे प्रामाणिकपणे एक कबुली द्यायला हवी. त्या कंपनीचा अहवाल तुम्ही महिनाभर वाचला असता, तरी खोटी रोकड तुम्हाला सापडली नसती. ऑडिटर नामांकित होता. सुशासनाचा पुरस्कार तिला २००८ मध्येच मिळाला होता. मग अभ्यासाचा उपयोग काय? एक इशारा आला होता. १६ डिसेंबर २००८ रोजी कंपनीने राजूंच्या कुटुंबाशी संबंधित मायटास नावाच्या दोन कंपन्या विकत घेण्याचे जाहीर केले, बांधकाम आणि जमिनीच्या. सॉफ्टवेअरवाल्याला जमिनी कशाला? गुंतवणूकदार इतके भडकले की काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. मागे घेतला म्हणून काही जण निश्चिंत झाले. काही जण त्याच आठवड्यात विकून बाहेर पडले. कबुलीचे पत्र तीन आठवड्यांनी आले, आणि त्या एका दिवसात शेअर तीन-चतुर्थांशाहून जास्त कोसळला.

म्हणून अहवालात 'संबंधित पक्षांशी व्यवहार' ही टीप असते, ती सोडू नका. कंपनीचा पैसा मालकाच्या भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या फर्मकडे किती जातो, ते तिथे असते. आणि कितीही वाचले तरी काही गोष्टी दिसणार नाहीत, हे धरून चाला. यावर उपाय अभ्यास वाढवणे नाही. एका कंपनीत घालायची रक्कम कमी ठेवणे. मी माझ्यापुरता नियम केला आहे: बुडाली तर घरात कोणाला सांगावे लागणार नाही, एवढीच एका कंपनीत.

अभ्यास वाढवण्याचा एक तोटाही आहे, तो कोणी सांगत नाही. एका कंपनीवर सहा महिने घालवले की तिच्यावर प्रेम जडते. मग वाईट बातमी आली तरी आपण तिची वकिली करू लागतो. माझ्या एका मित्राची एका औषध कंपनीवर दोनशे पानांची फाइल आहे. तो तिच्या विरोधात एक शब्द ऐकून घेत नाही. त्याच्यापेक्षा एका पानावर लिहिणारा बरा.

ते पान कसे असावे? कंपनी काय विकते आणि कोणाला. पैसे कसे मिळतात. कर्ज किती. मालक कोण, त्यांचा हिस्सा किती, तारण किती. मी का घेतोय. आणि शेवटी, काय झाले तर माझे चुकले असे मी मानेन. हे पान मराठीत लिहा, उर्दूत लिहा, ज्या भाषेत घरात भांडता त्या भाषेत लिहा. 'सिनर्जी', 'स्केलेबल' असले शब्द न वापरता अम्मीला वाचून दाखवता आले, तर तुमचा अभ्यास पुरेसा झाला. दाखवता आले नाही, तर अजून एक संध्याकाळ घाला, किंवा ती कंपनी सोडा. साधारण तीन-चार संध्याकाळी लागतात. त्यानंतर दर तिमाहीला निकाल आले की तास-दोन तास. यावरून तुम्ही किती कंपन्या सांभाळू शकता तेही निघते. नोकरी, घर, अभ्यास सांभाळून पाच-सहा. ज्याच्या खात्यात चाळीस कंपन्या आहेत, तो त्या वाचत नसतो, साठवत असतो.

किमतीबद्दल थोडक्यात. चांगली कंपनी कोणत्याही भावाला चांगली नसते. हिंदुस्तान लिव्हर घ्या. साबण, चहा, टूथपेस्ट, आपल्या सगळ्यांच्या घरात. २००० साली ज्याने चढ्या भावात तो शेअर घेतला, त्याला जवळपास दहा वर्षे भाव जागच्या जागी दिसला. कंपनी चालली होती, पण पुढच्या दहा वर्षांच्या नफ्याची किंमत त्याने आधीच मोजून दिली होती.

आणि जो तुम्हाला नाव सांगतोय, त्याचीही चौकशी करा. शेअरचा सल्ला विकायला सेबीची नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक 'आयएनएच'ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने. सेबीच्या संकेतस्थळावर तो दोन मिनिटांत तपासता येतो. माझ्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे काहीच नव्हते. नंतर कळले की त्याने स्वतःचे शेअर आम्हाला नाव सांगितल्यानंतरच्या आठवड्यात विकले होते.

इथे एक चिठ्ठी आली आहे, ती घेऊन थांबतो. एका बहिणीने लिहिले आहे: "पगार २२ हजार. महिन्याला दोन हजार उरतात. तीन-चार संध्याकाळी मला मिळणार नाहीत. मी काय करू?"

मग एकेक कंपनी निवडू नकोस, बेटा. यात कमीपणा नाही. शरिया निर्देशांकावर चालणारा एक्सचेंज ट्रेडेड फंड आपल्याकडे आहे, त्याच धर्तीवर चालणारे म्युच्युअल फंडही आहेत. त्यांचेही माहितीपत्रक वाच, खर्च किती घेतात ते पाहा, आणि तीन-पाच वर्षे हात लावायची गरज नसलेलेच पैसे टाक. भाव तिथेही खाली-वर होणार. वायदे आणि ऑप्शनकडे तर बघूच नकोस. सेबीच्याच पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथल्या १०० पैकी ९३ सामान्य लोकांचे नुकसान झाले होते.

शिकायची इच्छा असेल, तर शेअर न घेता एक कंपनी वाचायला घे. तू ज्या कापडाच्या दुकानात हिशेब पाहतेस असे लिहिलेस, तिथे माल देणाऱ्यांपैकी एखादी कंपनी बाजारात नोंदलेली असेल. तिच्या मालाला गिऱ्हाईक हात लावते की नाही, हे तुला बाजारातल्या विश्लेषकाआधी दिसते. तिचा मागच्या वर्षीचा अहवाल उतरवून घे, मागून उघड, आणि एक पान लिही. पुढच्या तिमाहीचा निकाल आला की ते पान घेऊन इथे ये. आपण दोघे मिळून तपासू, तुझे किती बरोबर निघाले ते.